एकच डाग, तीन रंग : तात्यांची स्कॅनची फाईल, तासगाव ते मिरज

सोनोग्राफीत पांढरा, सी.टी.त काळपट, एम.आर.आय.त लख्ख पांढरा. तात्यांच्या लिव्हरमधल्या एकाच डागाचं असं तीन तऱ्हेचं वर्णन रिपोर्टांत आलं आणि घरच्यांच्या लेखी त्याच्या तीन गाठी झाल्या. पुण्याच्या भाच्याने तर ‘सरळ पेट स्कॅन करून टाका, एकदम सगळं कळेल’ असा फोनच केला. त्या सगळ्यांना समजावताना जे सांगावं लागलं, ते इथे तारखेवार लिहून ठेवतो.

तात्या म्हणजे माझे चुलते. वय ६७, साखरेची गोळी चालू, तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. मी मिरजेत सी.टी.च्या कन्सोलवर बसतो, म्हणून फाईल घेऊन फिरायचं काम माझ्याकडे आलं.

१२ जानेवारी. पहाटे उजव्या कुशीत कळ, ती जांघेकडे उतरणारी, दोन उलट्या. तासगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, लघवी तपासली, त्यात रक्तपेशी भरपूर. चिठ्ठीवर लिहिलं ‘एक्स-रे के.यू.बी.’. किडनी, युरेटर (किडनीतून लघवी खाली आणणारी नळी), ब्लॅडर एका फिल्मवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पोटाचा फोटो’ म्हणतात तो. ३५० रुपये, दहा मिनिटं.

फिल्म धुवून आली तर कमरेच्या उजवीकडे टपोरा पांढरा ठिपका. मुतखडा सापडला म्हणून सगळे खूश. तात्यांचा सदरा वर केला तर करदोड्याला ताईत. तो सोडून दुसरा फोटो काढला, ठिपका गेला. फोटोला जाताना करदोडा, ताईत, सेफ्टी पिन, खिशातली तंबाखूची डबी, बायकांच्या बाबतीत मंगळसूत्र आणि हूक हे सगळं आधीच काढून घरच्यांच्या हातात द्यावं. चांदीचा करदोडा असेल तर तो हाडापेक्षा पांढरा येतो आणि त्याच्या मागचं सगळं झाकतो.

दुसऱ्या फोटोत गॅस आणि हाडं सोडून काही नव्हतं. पण एक्स-रेत खडा दिसला नाही म्हणजे खडा नाही, असं नसतं. एक्स-रे ही सावली आहे. कॅल्शियमचा खडा सावली पाडतो, यूरिक ॲसिडचा पाडत नाही. आणि कॅल्शियमचा खडा माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडासमोर येऊन अडकला, तर पांढऱ्यावर पांढरं, तो दिसणार कसा? तात्यांचं तेच झालं होतं, हे तीन दिवसांनी कळलं.

१३ जानेवारी, सांगली, सोनोग्राफी. १,२०० रुपये. सहा तास उपाशी, आणि तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून. उपाशी का, तर जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि आतड्यात गॅस होतो. पाणी का, तर सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते, भरलेल्या मूत्राशयातून आवाज आरपार जातो आणि त्याच्या मागचं दिसतं. साखरेच्या पेशंटने सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा. गोळी न घेता आणि न खाता बारापर्यंत बाकावर बसणं त्याला झेपत नाही. साधं पाणी उपाशीपणात चालतं, चहा चालत नाही.

पोटावर जो गार जेल लावतात तो मधली हवा घालवण्यासाठी. प्रोब (पोटावर फिरवतात तो दांडा) आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो. आतड्यातल्या गॅसचंही तेच. डॉक्टरांनी उजवी किडनी पाहिली, सुजलेली. मग म्हणाले, “लघवी करून या, परत बघतो.” तात्या वैतागले, “आत्ताच तर धरून बसायला लावलंत!” पण त्याला कारण आहे. मूत्राशय तट्ट भरलं तरी मागे दाब येऊन किडनी थोडी फुगलेली दिसते. रिकामं झाल्यावरही सूज राहिली तरच अडथळा खरा. ती राहिली. रिपोर्टात आलं : उजव्या बाजूला माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस (लघवी अडून किडनीला आलेली थोडी सूज), मधला युरेटर गॅसमुळे दिसला नाही. आणि खाली एक ओळ, जिच्यासाठी आम्ही आलोच नव्हतो : लिव्हरच्या उजव्या भागात २.४ सेंटिमीटरचा हायपरएकोइक, म्हणजे पांढरा, डाग, बहुधा हिमॅन्जिओमा. म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नव्हे.

सोनोग्राफीची फिल्म जपून ठेवतात लोक, ठेवावी. पण खरं तपासणं त्या दहा मिनिटांत डॉक्टरांच्या हातात झालेलं असतं. फिल्मवर त्यांनी थांबवलेली बारा-पंधरा चित्रं असतात, एवढंच. दुसरे डॉक्टर त्या फिल्मवरून नवं काही काढू शकत नाहीत, त्यांना परत प्रोब ठेवावाच लागतो. सी.टी. आणि एम.आर.आय.चं उलटं आहे, तिथे सगळा डेटा साठलेला असतो आणि कोणीही तज्ज्ञ तो महिन्याने उघडून वाचू शकतो. सी.डी. महत्त्वाची ती म्हणूनच.

१४ला संक्रांत, अर्धा दिवस सेंटर बंद. १५ जानेवारीला मिरज.

मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉक्टर वानलेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले तेव्हापासून पेशंटचा ओघ आहे. रेल्वेमुळे अथणी-बेळगाव-विजापूरकडची माणसं येतात, बाकावर निम्मं कन्नड ऐकू येतं. नंबर लागायला दीड तास. पण त्याआधी काउंटरवर एक घोटाळा झाला. आमच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सी.टी. ॲब्डोमेन’ होतं. काउंटरने कॉन्ट्रास्टसह ६,५०० रुपयांची पावती फाडायला घेतली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, मागितलं. मी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना हवा होता प्लेन सी.टी. के.यू.बी., कॉन्ट्रास्टशिवाय. ३,८०० रुपये.

फरक पैशांपुरता नाही. शिरेतून दिलेलं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट किडनीतून गाळून लघवीत उतरतं आणि सी.टी.त पांढरं दिसतं. खडाही पांढरा. पांढऱ्या लघवीत पांढरा खडा बुडून जातो. म्हणून खड्यासाठी प्लेन. गाठ, पू, रक्तवाहिनी, आतड्याचं दुखणं यासाठी कॉन्ट्रास्ट, कारण तिथे कुठला भाग किती रक्त पितो हेच पाहायचं असतं. चिठ्ठीवर अवयवाच्या नावापुढे प्लेन की कॉन्ट्रास्ट आणि ‘कशासाठी’ ही एक ओळ आहे का, एवढं डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडण्याआधी पाहिलं तर काउंटरवरची निम्मी रखडपट्टी वाचते. ‘उजवी कुशी दुखते, खडा?’ इतकं पुरतं. आम्ही त्या एका ओळीवरून स्कॅन कसा घ्यायचा ते ठरवतो.

प्रत्यक्ष स्कॅन दहा-बारा सेकंदांचा. टेबल सरकतं, ‘श्वास घ्या, रोखा’, झालं. सी.टी.सुद्धा एक्स-रेच, फक्त नळी पेशंटभोवती फिरते आणि कॉम्प्युटर त्या सावल्यांवरून आडवे काप तयार करतो. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, घट्ट हाड हजाराच्या घरात. हे हाउन्सफील्ड युनिट. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे ई.एम.आय. या कंपनीतले इंजिनिअर, डॉक्टर नव्हते, आणि १९७९चं वैद्यकातलं नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं. मशीनवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना त्याचं जरा जास्तच कौतुक.

तात्यांचा खडा ८ मिलिमीटर, मधल्या युरेटरमध्ये, बरोबर त्या हाडासमोर. आकडा १,१०० युनिट, म्हणजे कॅल्शियमचा, टणक. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, आठचा अडला तर वाट पाहण्यात अर्थ कमी. आणि लिव्हरमधल्या त्या डागाबद्दल इथे लिहिलं होतं : हायपोडेन्स, म्हणजे काळपट, प्लेन स्कॅनवर सांगता येत नाही, कॉन्ट्रास्ट स्टडी करावा.

घरात गोंधळ झाला तो इथे. परवा पांढरा होता, आज काळा कसा? मी काकींना जेवायच्या ताटावर समजावलं ते असं. सोनोग्राफीत पांढरं म्हणजे आवाज जास्त परतवणारं. हिमॅन्जिओमा हा बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका, त्याच्या असंख्य भिंतींवरून आवाज परततो, म्हणून तो पांढरा. सी.टी.त पांढरं म्हणजे एक्स-रे जास्त अडवणारं. लिव्हरचा आकडा पंचावन्न-साठ, नुसत्या रक्ताचा चाळीसच्या आसपास, म्हणून लिव्हरच्या तुलनेत तो काळपट. डाग तोच, दर वेळी त्याला विचारलेला प्रश्न वेगळा. रिपोर्टात ‘एकोइक’ दिसलं तर सोनोग्राफी, ‘डेन्स’ दिसलं तर सी.टी., ‘इंटेन्स’ दिसलं तर एम.आर.आय. त्या शब्दाआधी हायपर लागलं तर आजूबाजूपेक्षा पांढरं, हायपो लागलं तर काळं. चांगलं-वाईट त्यात काही नसतं. काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग एकाच मशीनने तीन प्रश्न का विचारत नाहीत?” प्रश्न बरोबर आहे, उत्तर पुढे एम.आर.आय.ला येईल.

त्याच दिवशी क्रिएटिनिन केलं, १५० रुपये. आलं १.९. वय आणि लिंग धरून हिशेब केला तर ई.जी.एफ.आर., म्हणजे किडनीची गाळायची ताकद, ३८. अडलेल्या किडनीमुळे क्रिएटिनिन वाढलं होतं. लिव्हरसाठी सी.टी. करायचा तर तीन टप्प्यांचा करावा लागतो : कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी, ७० सेकंदांनी आणि मग तीन-पाच मिनिटांनी. त्यासाठी हिरवी किंवा गुलाबी सुई लागते, आणि ८०-१०० मिलिलिटर औषध मशीन झपाट्याने ढकलतं. अंग गरम होतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते मिनिटभरात जातं. पण अडचणीत असलेल्या किडनीवर एवढं औषध टाकायची घाई नव्हती. मूत्ररोगतज्ज्ञ म्हणाले, आधी खडा, मग डाग. डाग कुठे पळत नाही. मेटफॉर्मिनची गोळी त्यांनी तेवढ्यापुरती थांबवली. ही गोळी कॉन्ट्रास्टच्या भीतीने लोक स्वतःच बंद करतात आणि साखर वाढवून येतात. ती थांबवायची की नाही हे क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांनी सांगायचं.

१९ जानेवारीला भरती, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. रेशनकार्ड आणि आधार आरोग्यमित्राकडे दिलं. मंजुरीसाठी खड्याचा पुरावा म्हणून सी.टी.ची फिल्म आणि रिपोर्ट अपलोड करावे लागतात, नुसती चिठ्ठी चालत नाही. रेशनकार्डावर तात्यांचं नाव एका अक्षराने वेगळं होतं, त्यात अर्धा दिवस गेला, मंजुरीला एकूण दीड दिवस. आधी बाहेर केलेल्या स्कॅनचे पैसे आमचे आम्हीच भरले होते. योजना भरती आणि पॅकेज यांवर चालते, हे आधीच धरून चालावं. २१ला दुर्बिणीतून लेझरने खडा फोडला, आत डी.जे. स्टेंट, म्हणजे युरेटर उघडा ठेवणारी बारीक नळी, ठेवला. तात्यांचा जीव सगळा बागेत. माल उतरायला आलेला, व्यापारी दर पाडून मागत होता, आणि हे वॉर्डात झोपून फोनवर ब्रिक्सचे, म्हणजे द्राक्षातल्या गोडीचे, आकडे विचारत होते.

११ फेब्रुवारीला स्टेंट काढला. त्याआधी पुन्हा साधा एक्स-रे के.यू.बी. बारा जानेवारीला जो फोटो बिनकामाचा ठरला होता, तोच आता सगळ्यात योग्य. स्टेंट एक्स-रेत स्पष्ट दिसतो, दोन्ही टोकांना वेटोळी, जागच्या जागी. राहिलेला मोठा तुकडाही त्यात कळतो. इथे सी.टी. मागणं म्हणजे उगाच पैसा आणि उगाच रेडिएशन. पोटाच्या एका एक्स-रेचा डोस एक मिलिसीव्हर्टच्याही आत, पोटाच्या नेहमीच्या सी.टी.चा आठ-दहा. आपण जमिनीतून-आकाशातून वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ घेतोच. खड्याचा प्लेन सी.टी. कमी डोसवर घेता येतो. सोनोग्राफी आणि एम.आर.आय.मध्ये हे रेडिएशन नाहीच.

क्रिएटिनिन आता १.२, ई.जी.एफ.आर. ६६. डॉक्टरांनी लिव्हरसाठी एम.आर.आय. लिहिला, कॉन्ट्रास्टसह. ९,५०० रुपये. तारीख मिळाली १८ फेब्रुवारी, सकाळी सात. चार तास उपाशी.

एम.आर.आय.चा फॉर्म दोन पानी असतो आणि लोक तो न वाचता सही करतात. तात्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवला. पेसमेकर? नाही. डोक्यात क्लिप? नाही. कानात मशीन? नाही. “डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?” तात्या म्हणाले, “गेला असंल की. पलूसला सहा वर्षं लेथ-ग्राइंडरवर होतो. चष्मा कोण लावतंय तवा!” तंत्रज्ञाने तिथेच थांबवलं आणि आधी डोळ्यांचा एक्स-रे करून आणायला सांगितलं. ४०० रुपये, नजर वर आणि नजर खाली असे दोन फोटो. एम.आर.आय. यंत्रातलं १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरकस. डोळ्यातला लोखंडी कण त्यात हलला तर नजर जाऊ शकते. वेल्डिंग, ग्राइंडर, लेथवर काम केलेला माणूस घरात असेल तर हे न विचारताही सांगावं. फोटो स्वच्छ आला.

दुसरी गोष्ट, चुंबक रात्रंदिवस चालू असतं. स्कॅन चालू नसताना ते बंद असतं असा सर्रास समज आहे. २०१८च्या जानेवारीत मुंबईत एका नातेवाईकाचा जीव त्यातच गेला. हातात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, ते यंत्राने ओढून घेतलं. त्यामुळे आतला माणूस दारात अडवतो तेव्हा हुज्जत घालू नये. किल्ली, मोबाईल, एटीएम कार्ड, कवळी, श्रवणयंत्र बाहेर. लग्नातली घट्ट अंगठी निघत नसेल तर सांगावं, सोनं-चांदी ओढलं जात नाही, पण तापू शकतं.

आत पस्तीस मिनिटं. खडखडाट इतका की कानात बोळे लागतात. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलं की दाबायचा. पण लिव्हरच्या एम.आर.आय.त खरी परीक्षा श्वासाची. ‘श्वास सोडा, रोखा’, पंधरा-वीस सेकंद, आणि असं पंधरा-वीस वेळा. सी.टी.त एकदा रोखलं की संपलं, इथे प्रत्येक वेळी लिव्हर त्याच जागी यायला हवं, नाहीतर चित्र पुसट येतं. तात्यांकडून आदल्या रात्री खाटेवर घड्याळ लावून करून घेतलं. पहिल्यांदा नऊ सेकंद, शेवटी अठरा. सगळ्यात उपयोगी पडलं ते हे.

आता काकींच्या प्रश्नाचं उत्तर. एम.आर.आय. खरोखरच एका मशीनवर अनेक प्रश्न विचारतो. शरीरातल्या पाण्या-चरबीतल्या हायड्रोजनला रेडिओ लहरींचा धक्का द्यायचा आणि तो पूर्वपदावर कसा येतो ते ऐकायचं. ऐकायची वेळ बदलली की चित्र बदलतं. टी-१ नावाच्या चित्रात पाणी काळं, टी-२मध्ये पांढरं. हिमॅन्जिओमात रक्त जवळजवळ साठून असतं, पाण्यासारखं, म्हणून तो टी-१मध्ये काळा आणि टी-२मध्ये दिव्यासारखा पांढरा. मग साधारण १३ मिलिलिटर गॅडोलिनियम, सी.टी.च्या औषधापेक्षा हे वेगळं, यात आयोडीन नसतं. त्यानंतर डाग कडेने तुकड्या-तुकड्यांनी उजळला आणि मिनिटागणिक आतपर्यंत भरत गेला. हिमॅन्जिओमा असाच भरतो.

मग सगळ्यांचाच सुरुवातीला एम.आर.आय. का करत नाहीत? कारण खडा त्यात नीट दिसतच नाही. खड्यात मोकळा हायड्रोजन नाही, त्याची जागा नुसती काळी. महाग मशीन सगळं पाहतं असं नाही. भाच्याच्या पेट स्कॅनचंही तेच. त्यात किरणोत्सारी साखर देतात, तासभर शांत पडून राहायचं आणि कुठली पेशी साखर जास्त खाते ते पाहायचं. फ्लोरिन-१८ ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून तिथे उशीर केलेला चालत नाही. कॅन्सर ठरल्यावर तो कुठवर गेला यासाठी ते मोठं काम करतं. हिमॅन्जिओमाला त्याची गरज नव्हती.

रिपोर्ट १९ला मिळायचा, पण शिवजयंतीची सुट्टी, म्हणून २०ला. मधे एक अडथळा आला. वाचणाऱ्या डॉक्टरांना जुना सी.टी. शेजारी ठेवून पाहायचा होता, आणि मिळालेल्या सी.डी.त नुसती जे.पी.जी. चित्रं निघाली. ज्या सेंटरवरून आणली तिथे परत जाऊन डायकॉम, म्हणजे स्कॅनचा मूळ डेटा असलेल्या, फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या. त्यात वेळ गेला, पण दुसरा सी.टी. टळला. सी.डी. हातात पडली की तिथेच विचारावं, ‘यात डायकॉम आहे ना?’ ती सी.डी. आणि फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हाच्या तापाने फिल्म काळवंडते.

शेवटची ओळ होती : टिपिकल हिमॅन्जिओमा, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पुढच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मी मुद्दाम लिहून घेतलं, ‘माहीत असलेला हिमॅन्जिओमा, १८ फेब्रुवारीच्या एम.आर.आय.शी तुलना करावी’. ते नसतं तर ऑगस्टमध्ये नव्या डॉक्टरांना पुन्हा एक हायपरएकोइक डाग दिसला असता. तात्यांनी चिठ्ठी पिशवीत टाकली आणि ताईत परत करदोड्याला बांधायला घेतला. मी म्हटलं, “ऑगस्टला चालेल. सोनोग्राफी आहे.”